थोरल्या घराचं आंदण

सत्तेचाळीस सालच्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या एका हळदीच्या वखारीसमोर झेंडा लागला, पेढे वाटले गेले आणि मालकांचा मुलगा धन्यकुमार खुर्चीवर उभा राहून भाषण करू लागला. नुकताच कॉलेजातून आलेला, आवाजही खणखणीत. "दीडशे वर्षं आपण सगळे गुलाम होतो!" तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. हळकुंडं निवडणाऱ्या बायकांच्या ओळीतून एक बाई हातातला पेढा तसाच धरून उठली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमास्नी कुनी आंदणात दिलं हुतं का वो, धनूदादा?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धन्यकुमार खुर्चीवरून खाली उतरला. त्याचे वडील पायगोंडा मात्र हसले नाहीत; त्यांनी खाली बघून टोपी सारखी केली. ही बनुबाई कोण, कुठली आणि असं का विचारते, हे त्या गर्दीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं; तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तिला वखारीत कामाला घेतलं होतं.

या एका शब्दावरून बनुबाईचं कुणाशीही वाजायचं. मुकादमानं दुपारची सुट्टी कापली आणि एखादी बाई "गुलामागत राबवून घेत्यात मेले" म्हणाली, की ही फणकारायची. "राबवून घेत्यात म्हण. संध्याकाळी घरी जातीस न्हवं? पोरगं तुज्या कुशीत निजतंय न्हवं? मग ह्यो शबूद वापरू नगंस." बायकांना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय. फिरलेलंच होतं, आणि त्याला सबळ कारण होतं.

आपल्या मुलखात गुलाम कधी नव्हतेच, ते सगळं सातासमुद्रापलीकडचं, असं ठासून सांगणारी शिकलीसवरली माणसं अजूनही भेटतात. त्यांना एक दिवस बनुबाईपुढं बसवायला हवं होतं. तिची आजी सहा वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. आईबापांनी तिला म्हसवडला आणलं, आणि सिद्धनाथाच्या देवळाबाहेर एका मोठ्या घरच्या कारभाऱ्यानं तिला जोंधळ्यांवर घेतली. आईबाप जोंधळे घेऊन गेले ते गेले. त्यांना तरी काय बोलणार? पोटात आग पेटलेली माणसं ती. बोलायचं ते घेणाऱ्याला. दुष्काळ सरला, पाऊस झाला, कणग्या भरल्या, पण घेतलेली पोर परत द्यावी असं त्या घराला काही वाटलं नाही. ती तिथंच वाढली, तिथंच तिला मुलगी झाली, त्या मुलीला बनुबाई झाली. जुन्या कागदांत अशा बायकांना कुणबीण म्हणत, बटीक म्हणत. घरात म्हणताना 'आमची माणसं' म्हणत. ऐकायला कसं गोड वाटतं!

त्या घरच्या लीलाबाईंचं लग्न वडूजपासून दोन कोसांवर, येरळेकाठच्या एका गावात झालं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. गाव लीलाबाईंच्या सासरला थोरलं घर म्हणायचं, आपणही तेच म्हणू. लीलाबाईंबरोबर आंदण म्हणून पितळेची भांडी आली, एक पलंग आला, दुभती गाय आली आणि बारा वर्षांची बनू आली. गाय तीन दिवस हंबरली, तेव्हा साऱ्या घरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बनू रडली तेव्हा तिला राखेचं घमेलं देऊन भांडी घासायला बसवलं.

पंधरवड्याच्या आत तिचं लग्नही लावलं, देव्हाऱ्यातल्या कट्यारीशी! थोरल्या घरची तशी रीतच होती. कट्यार पाटावर ठेवायची, अंतरपाट धरायचा, पोरीच्या गळ्यात काळे मणी बांधायचे. म्हणजे ती कुणा माणसाची बायको होणार नाही, नवऱ्याच्या घरी जाणार नाही आणि तिला जे होईल ते थोरल्या घराचं होईल. पुढं तिला सुंद्रा झाली. सुंद्राचा बाप कोण, हे गावात कुणी विचारत नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. लीलाबाईंचे यजमान लालासाहेब; त्यांची लेक विजयमाला आणि सुंद्रा शेजारी उभ्या राहिल्या की दोघींची नाकं बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

बनूनं आईला पुन्हा कधी पाहिलं नाही. म्हसवड काही काशी-रामेश्वर नव्हे, बैलगाडीची एका दिवसाची वाट. पण तिला कोण नेणार? एका चैत्रात लीलाबाईंच्या माहेरचा गडी आंब्यांची पाटी घेऊन आला आणि पाटी उतरवता उतरवता म्हणाला, "बने, तुजी आई गेली गं दिवाळीत." दिवाळी होऊन पाच महिने झाले होते. बनूनं आंबे मोजून घेतले, गवतात पसरले, आणि मग गोठ्यात जाऊन डोकं भिंतीवर आपटून घेतलं.

लीलाबाई दुष्ट होत्या असं मुळीच नाही. त्यांनी बनूवर कधी हात उगारला नाही. सणाला लुगडं, भाकरीवर तूप, दुखलंखुपलं तर काढा. त्या साऱ्या गावाला सांगत, "बनी म्हणजे माझा उजवा हात." तेच तर डोकं उठवणारं होतं. हाताला कधी कुणी विचारतं का, बाबा, तुला कुठं जायचंय?

मारच म्हणाल तर तो धुळ्याला जास्त बसायचा. धुळा थोरल्या घरचा सालगडी. मोट हाकायची, ऊस तोडायचा, चुकलं की लालासाहेबांचा चाबूक पाठीवर. पण त्रेचाळीसच्या पाडव्याला धुळ्याचं साल संपलं, त्यानं हातातला कासरा ओट्यावर टाकला आणि म्हणाला, "मालक, रामराम. औंदा म्या दुसरीकडं साल धरलंय." लालासाहेबांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण धुळा गेला. पाठीवर वळ घेऊन गेला, पण गेला. बनुबाई दारात सूप घेऊन उभी होती. या घरात तिचे पाडवे बावीस झाले होते, आणि एकाही पाडव्याला तिचं साल संपलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात विजयमालेचं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा, वकिली करणारा. लढाईचे दिवस होते, साखर मिळेना, कापड मिळेना. तिकडं कुंडलच्या बाजूला लोक एकमेकांना हार घालून लग्नं उरकत होते. लालासाहेब म्हणाले, "ते भणंगांचं झालं. आमच्या घरचं लग्न तीन दिवस होणार." मग सारं गाव कामाला जुंपलं. गावची वेस राखणारा वेसकर आकाराम लाकडं फोडायला आला. वेठीचं काम, दाम नाही. सरकारी माणसांची ओझी वाहा, सांगावे पोचवा, लाकडं फोडा, आणि बदल्यात शिळा तुकडा घ्या, हे त्याच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं.

बनुबाई परसात तांदूळ निवडत होती. आकाराम घाम पुसत म्हणाला, "तुजं बरं हाय बाई. सावलीतलं काम, दोन वक्ताला भाकरी. आमी वेठीची मानसं. गुलामच म्हनायचं की आमी."

"तुला पोरं किती रं?" बनुबाईनं विचारलं.

"तीन."

"कुनाची?"

"म्हंजी?"

"तुजी का लालासाहेबांची?"

"काय बी काय इचारतीस? माजीच की!"

"उद्या लालासाहेबांनी धाकट्याला उचलून सांगलीला धाडला तर?"

आकारामनं कुऱ्हाड वर नेली होती, ती तशीच थांबली. "मुडदा पाडीन," तो म्हणाला.

"बघ. तुला तसं म्हनता तरी येतंय."

आकारामनं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याला कळलं. पण तोही काही ऐकून घेणारा नव्हता. "आणि तुमी माज्या भागीच्या वंजळीत वरनं पानी वतता, त्ये? घागरीला हात लावू देत न्हाईस तिला. तवा कुनाची मानसं आसता तुमी?"

बनुबाईनं सुपातले तांदूळ जोरानं पाखडले. खरं तर तेव्हा तिला त्याचा रागच आला. ती स्वतःला थोरल्या घरची समजत होती. ज्या घरानं तिला गाईबरोबर आणलं, त्याच घराच्या तोऱ्यात ती आकारामच्या बायकोला लांब उभी करत होती. हे तिला पुढं फार लागलं, आणि तिनं ते कधी झाकून ठेवलं नाही.

लग्नाला आठ दिवस उरले असताना सांगलीचे वखारवाले पायगोंडा हळदीची पोती घेऊन आले. दरवर्षी गूळ न्यायला यायचे, घरोबा होता. ओट्यावर कारभारी नानासो आंदणाची यादी लिहीत बसला होता. हंडे, घंगाळं, पलंग, गाय वासरासकट, आणि खाली 'सुंद्री'. बनुबाई पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्या कानावर पुढचं बोलणं पडलं.

"नानासो, हे शेवटचं खोडा की वो," पायगोंडा म्हणत होते. "मांडवात सांगलीचे वकील असणार. माणूस देता-घेता येत नाही. कायदा होऊन शंभर वर्षं झाली."

"लिवत न्हाई मग," नानासो हसला. "लिवलं न्हाई म्हणून काय अडतंय? नुसतं तोंडानं देऊ."

बनुबाईच्या हातातला तांब्या खाली पडला नाही की काही नाही. तिनं तो नीट ओट्यावर ठेवला आणि आत गेली. शंभर वर्षं! म्हणजे आजीला म्हसवडला घेतलं तेव्हाही ते चालत नव्हतं. आईला ठेवून घेतलं तेव्हाही नाही, आणि तिला गाईच्या मागं चालवत आणलं तेव्हाही नाही. एवढी मोठी गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक होती आणि या घराचा उंबरठा ओलांडून ती आत आली नव्हती. तिला सर्वांत जास्त संताप आला तो पायगोंडांचा. भला माणूस, जैन माणूस, मुंगीला जपून पाऊल टाकणारा. वीस वर्षं तिच्या हातचं पाणी पीत होता. ठाऊक होतं तर एकदा तरी सांगायचं! आज बोलला तोही तिच्यासाठी नव्हे, थोरल्या घराची अब्रू जाऊ नये म्हणून.

त्या दुपारी ती लीलाबाईंच्या पायाशी बसली. "बाईसाहेब, आजवर कायबी मागितलं न्हाई. माजी पोर तेवढी ठेवा."

लीलाबाई लेकीच्या शालूच्या घड्या घालत होत्या. त्यांना खरंच नवल वाटलं. "अगं, विजूला परक्या गावात आपलं माणूस नको का? तू नाही का आलीस माझ्याबरोबर? काय वाईट झालं तुझं?"

काय वाईट झालं! बनुबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बाई खोटं बोलत नव्हती, हे तिला दिसत होतं. तेवीस वर्षं जिच्या शेजारी राबलो, तिला आपल्यालाही आई होती याची आठवणसुद्धा नव्हती.

आणि सुंद्रा? सुंद्रा आनंदात होती! पंधरा वर्षांची पोर, तिला सांगलीत विजेचे दिवे असतात, नळाला पाणी येतं, एवढंच कळत होतं. विजूताई तिला दोन पोलकी देणार होत्या. हिरवं लुगडं तर आधीच मिळालं होतं. ते अंगाला लावून ती आरशात बघायची. बनुबाई काही सांगायला गेली की म्हणायची, "आये, तू सारखी रडगानं लावू नगंस बाई." बनुबाईनं मग सांगणं सोडलं. पण तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. आपल्याला देऊन टाकलं ते टाकलं. ही देऊ द्यायची नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात आंदण मांडलं. दोन्हीकडची शेदोनशे माणसं बसलेली, मध्ये जाजम, जाजमावर भांड्यांची उतरंड. असल्या मोठ्या घरांत आंदण नुसतं देऊन टाकत नसत. एकेक वस्तूची विचारणा होई. नानासो वस्तूवर हात ठेवून विचारायचा, "हे कुणाचं?" लालासाहेब म्हणायचे, "माझं." "कुणाला?" "लेकीला." मग पळीभर पाणी सोडायचं आणि वस्तू सांगलीकरांच्या बाजूला सरकवायची. हंडे गेले, घंगाळं गेली, पलंग गेला. गाय आणली, तिच्या कपाळावर कुंकू लावलं, तीही गेली. मग नानासोनं सुंद्राला दंडाला धरून पुढं आणली आणि गाईच्या जागी उभी केली. हिरवं लुगडं, तोंडाला हळद, मान खाली, ओठांवर लाजरं हसू.

"ही कुणाची?" नानासोनं विचारलं.

बनुबाई माजघराच्या दारात उभी होती. म्हसवडला अशाच एका मांडवात हाच प्रश्न तिच्यावरून विचारला गेला होता, आणि तिची आई अशीच दारात उभी होती. आई तेव्हा पदर तोंडात कोंबून उभी राहिली होती. लालासाहेब उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात बनुबाई म्हणाली, "माजी."

लोकांना वाटलं, बाई चुकून बोलली. नानासोनं कान नसल्यासारखं करून पुन्हा विचारलं, "ही कुणाची?"

"माजी हाय," बनुबाई मांडवात आली. "म्या जनलीया तिला. इचारताय तर ऐकून घ्या."

लालासाहेब आधी हसले. एवढ्या लोकांत चिडणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "ही बनी कुणाची, सांगा बरं? आमची. मग गाय आमची असल्यावर वासरू कुणाचं?" मांडव हसला. कुणीतरी मांडीवर थापही मारली. त्या हसणाऱ्यांत गावचे होते, सांगलीचे होते, जेवायला आलेले भिक्षुकही होते.

बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती लालासाहेबांशी बोललीच नाही. सरळ नवरदेवापुढं जाऊन उभी राहिली. "तुमी वकील हाय न्हवं? मानूस देता येत न्हाई म्हनं. कायदा हुन शंबर वर्सं झाली म्हनं. खरं का खोटं?"

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या, बापाकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं. शेवटी तो हळूच म्हणाला, "कायद्यानं तसं आहे खरं."

"मग तुमी घेनार हुता कसं?"

नवरदेवाचे वडील घाईघाईनं उठले आणि हात जोडून म्हणाले, "लालासाहेब, आंदण भरपूर झालं. हे एक राहू द्या." त्यांना काही सुंद्राची कीव आली नव्हती. मुलाची वकिली आणि मांडवातली चार मोठी माणसं, एवढंच त्यांना दिसत होतं. थोरल्या घराचं देणं नाकारलं गेलं, असं गावानं पहिल्यांदा पाहिलं.

पाहुणे जेवायला बसले तसे लालासाहेब परसात आले. "निघ," ते म्हणाले. "दोघीबी निघा. आणि अंगावरचं ठेवून जा, ते आमचं आहे."

लीलाबाई मागं उभ्या होत्या. त्या मध्ये पडतील असं बनुबाईला क्षणभर वाटलं. त्या म्हणाल्या, "हिरवं लुगडं घडी करून ठेव गं सुंद्रे, नवं आहे." झालं! तेवीस वर्षांच्या उजव्या हाताचा हिशेब एवढाच. बनुबाईनं गळ्यातले काळे मणी तोडून आधी ते लीलाबाईंच्या पायाशी टाकले.

दोघी मायलेकी गोठ्याच्या आडोशाला बसल्या होत्या, तेव्हा आकारामची बायको भागा आली. तिच्याजवळ दोन लुगडी, त्यातलं एक तिनं आणलं होतं. कापड औषधालाही मिळत नव्हतं अशा दिवसांत. सवयीनं तिनं ते लांबूनच कुडावर ठेवलं आणि मागं सरली.

"हातात दे," बनुबाई ओरडली. तो राग भागावर नव्हता, स्वतःवर होता. भागा बिचकली, मग पुढं आली आणि तिनं लुगडं हातात दिलं. बनुबाईनं ते दातानं धरून मधोमध फाडलं, अर्धं लेकीला नेसवलं, अर्धं आपण गुंडाळलं. "पानी दे जरा," ती भागाला म्हणाली, आणि तिच्याच गाडग्यानं पाणी प्यायली.

वडूजची वाट धरली तेव्हा दुपार टळटळीत होती. पायांत काही नाही. सुंद्रा पहिला अर्धा कोस नुसती रडत होती. मग एका बाभळीशी ती थांबली आणि तिनं जे तोंड सोडलं ते विचारू नका.

"माजं वाटुळं केलंस तू! सांगलीला गेले असते मी. विजूताई मला पोलकी देनार हुत्या. आता काय खायाचं, धोंडं?"

"आगं, तुला देत हुते ते! गाईवानी!"

"देऊ दे की! तुला कुनी सांगितलं हुतं मदी पडाया? नानासो म्हनला कुनाची, लालासाहेब म्हननार हुते माजी, तू म्हनलीस माजी. मला इचारलंस का? तू तरी इचारलंस का मला?"

बनुबाईचा हात वर गेला. एवढं सगळं केलं ते हिच्यासाठी, आणि ही कार्टी मलाच त्या घराच्या पंगतीला बसवते! पण हात खाली आला नाही. पोर तोंडाळ होती, पण चूक काही बोलत नव्हती. बनुबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं, गाव सोडल्यापासून. तिनं ते सोडून दिलं.

"जायाचं तर जा," ती म्हणाली. "मी धरनार न्हाई."

सुंद्रानं डोळे पुसले आणि ती खरंच मागं फिरली. दहा पावलं गेली, वीस पावलं गेली. बनुबाई बाभळीला टेकून बघत राहिली. सगळ्या मांडवाशी भांडून आणलेली पोर आपल्याच पायांनी परत चालली होती, आणि तिला अडवण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं.

समोरून नानासो सायकलवरून आला. घामाघूम होता. त्यानं सुंद्राकडं बघितलंसुद्धा नाही, सायकल आडवी टाकली, चालत्या पोरीचा दंड धरला आणि तिच्या डोक्यावरून लांबच्या बनुबाईला ओरडून म्हणाला, "ए बने! तू मर कुठंबी. बाईसाहेब म्हनल्या, पोरीला तेवढी घिऊन ये. विजूताई आडून बसल्यात. पावनं गेल्यावर गुपचूप धाडून देऊ."

सुंद्रा परतच चालली होती. नानासोनं नुसतं "येतीस का गं?" असं विचारलं असतं, तर ती त्याच्या सायकलवर बसून गेली असती आणि ही गोष्ट इथं वेगळीच संपली असती. पण विचारायची सवयच त्या घराला नव्हती. सुंद्रानं आपल्या दंडावरच्या त्याच्या बोटांकडं पाहिलं. सकाळी मांडवात त्यानं असंच धरून तिला गाईच्या जागी उभं केलं होतं, तेव्हा तिला ते जाणवलं नव्हतं.

"सोडा," ती म्हणाली.

"चल गं मुकाट," नानासोनं तिला ओढलं.

सुंद्रानं त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की तो किंचाळून मागं सरला. "मी चालले हुते!" ती ओरडली. "मी माजी चालले हुते परत! आता न्हाई येत! जा, सांगा जाऊन. सुंद्री न्हाई म्हनली म्हनून सांगा!"

नानासो हात धरून शिव्या देऊ लागला. बनुबाई एक दगड उचलून धावत आली होती, पण दगड मारायची वेळ आली नाही. समोर दोन बायका आणि आजूबाजूला उघडं माळरान बघून त्यानं सायकल उचलली.

तो गेल्यावर बनुबाईनं लेकीला जवळ घ्यायला हात पुढं केला. सुंद्रानं तो झटकला. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं, ओठाला रक्त लागलं होतं.

"मी तुज्यासंगं येत न्हाई," ती म्हणाली. "मी वडूजला निघालीया. तुला यायाचं असंल तर ये."

आणि ती मागं न बघता तरातरा चालायला लागली. बनुबाईनं हातातला दगड टाकला, नानासो गेला त्या दिशेला बघून एकदा पचकन थुंकली आणि लेकीच्या मागून निघाली.